मोटरीच्या दुकानातले चार आठवडे

सप्रेम नमस्कार,

दहावीची परीक्षा संपताच हायस्कूलमधील विज्ञानाच्या सरांनी इंटर्नशिप म्हणून आपल्या मुलीला चार आठवडे मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार गुंडाळून देणाऱ्या, दुकानात पाठवले, आणि तेव्हापासून ती अकरावी विज्ञान सोडून इलेक्ट्रिकल डिप्लोमाच करायचा म्हणते. चांगले गुण मिळवणाऱ्या मुलीची सरांनी दिशाभूल केली काय, असे आपण विचारले आहे.

मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आपणच पाठवलेल्या तिच्या वहीच्या झेरॉक्समध्ये आहे. सरांनी रोज लिहायला लावलेल्या या वहीत पहिल्या आठवड्यात दुकान झाडले, जळकी तार काढली, एवढेच आहे. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र ती प्रत्येक मोटरीच्या खाचा, कॉइलचे वेढे आणि तारेचा गेज, म्हणजे जाडी, टिपू लागते. एका पंपाच्या तीनपैकी दोन फेजच्या कॉइली काळ्या पडल्या आहेत आणि तिसरी शाबूत आहे, यावरून एक फेज गेल्यावरही मोटर चालूच राहिली असावी, असा अंदाज तिने बांधला आहे आणि खाली लिहिले आहे, "स्टार्टरला प्रिव्हेंटर होता का, ते विचारायचे राहिले." प्रिव्हेंटर म्हणजे एक फेज गेल्यास मोटर बंद करणारे उपकरण. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न आपणहून पडावा, याचे मोल मला गुणपत्रिकेइतकेच वाटते.

हाताने काम केल्याने अभ्यास मागे पडतो, ही आपली भीती जुनी आहे. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करता करताच बुद्धी घडते या विश्वासावर, आणि तेथील अभ्यासक्रम पुढे शाळांमध्ये आठवी ते दहावीच्या वर्गांत आठवड्यातून एक दिवस शिकवला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सुटीतील इंटर्नशिपचा पुरस्कार केला आहे.

तरीही चार आठवड्यांवर सारे आयुष्य ठरवू नये, हेही तितकेच खरे. तिला विषय आवडला की दुकानातील उस्तादांचा जिव्हाळा, हे तपासण्यासाठी जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात तिला घेऊन जा, प्रयोगशाळा दाखवा आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी, विशेषतः मुलींशी, बोलू द्या. डिप्लोमात गणित सुटत नाही, हे तिला तेथेच कळलेले बरे. वैद्यकीय शाखेची किंवा मूलभूत विज्ञानाची ओढ तिच्या मनात कुठे असेल, तर अकरावी विज्ञानच योग्य. पण वहीत मला तशी एकही ओळ दिसली नाही.

डिप्लोमा म्हणजे पदवीचा रस्ता बंद, हा समज मात्र सोडून द्यावा. तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, त्यामुळे वर्षांच्या हिशेबात ती मागे पडत नाही. माझा कौल डिप्लोमाकडे आहे.

सरांना एक गोष्ट अवश्य विचारा. मोटरीत नवी तार भरून झाल्यावर चालू विजेवर तिची चाचणी होत असताना मुलांना लांब उभे केले जात होते का? अठरा वर्षांखालील मुलांना धोकादायक कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. उत्तर समाधानकारक नसेल, तर ते सरांना स्पष्ट सांगा, म्हणजे पुढच्या तुकडीची काळजी घेतली जाईल.

तूर्त अकरावी आणि डिप्लोमा या दोन्हींचे ऑनलाइन अर्ज वेळेत भरून ठेवा, आणि पसंतीक्रम तिच्या शेजारी बसून, तिच्याच हाताने भरू द्या.

आपला,
करिअर मार्गदर्शक