लझानियाच्या (थर लावून भाजायच्या पास्त्याच्या) पट्ट्या आधी न उकळता वापरल्या तर चालतील का?

हो, बिनधास्त वापरा. मी पुण्यात कॅम्पातून साध्या कोरड्या पट्ट्या आणते, त्याही छान शिजतात. फक्त त्यांना लागणारं पाणी सॉसमधून द्यायचं. टोमॅटोचा सॉस आमटीसारखा सैल ठेवा, नेहमीपेक्षा साधारण कपभर पाणी जास्त. भांड्याच्या तळाला आधी सॉस, मग पट्टी. पट्टीचा एकही कोपरा उघडा ठेवू नका. तो पापडासारखा कडक होतो आणि नेमका दाताखाली येतो. वरून फॉइल गच्च लावा, वाफ आत कोंडली पाहिजे. ओव्हनमध्ये १९० अंश सेल्सियसवर ४५ मिनिटं, मग फॉइल काढून चीज खरपूस होईपर्यंत आणखी १५. सुरी सहज आत गेली की झालं. लगेच कापू नका; १५ मिनिटांत उरलेला रस पट्ट्या पिऊन घेतात.