सर गेले म्हणून एवढं रडू येतंय, बाबांच्या वेळी आलं नव्हतं

"रक्ताचं नातं नाही, घरातलं माणूस नाही, मग मला एवढं का लागतंय?" मी समुपदेशन करते, तिथे हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कोणाच्या शाळेतल्या बाई गेलेल्या असतात, कोणाचे तबल्याचे गुरुजी, कोणाचे पहिल्या नोकरीतले साहेब. आणि सांगणारा आधी माफी मागितल्यासारखं करतो, म्हणजे "तसं काही मोठं नाहीये हो मॅडम, पण..." अशी सुरुवात. आज ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांचीही सुरुवात हीच होती. त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय पंचेचाळीसच्या आसपास, बँकेत ऑफिसर, पुण्यात राहतात, माहेर नागपूरचं. कॉलेजात बास्केटबॉल खेळायच्या, गार्डच्या जागेवर, युनिव्हर्सिटीच्या टीमकडून बाहेर जाऊन खेळून आलेल्या. बास्केटबॉलचं वेड काय असतं ते मुंबईत नागपाड्याला विचारा नाहीतर पुण्यात डेक्कनला, तसंच ते नागपुरातही आहे, पहाटे सिमेंटच्या कोर्टवर पोरंपोरी हजर. तर त्यांचे कॉलेजचे कोच गेले. जुन्या टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला तेव्हा बँकेत मार्च एंडिंग चाललेलं, त्यांनी मेसेज वाचला, फोन उलटा ठेवला आणि रात्री नऊला काम संपवून घरी गेल्या. रडू आलं ते दोन-तीन दिवसांनी, मंडईत, मेथीची जुडी हातात असताना, आणि मग थांबेचना. रोज कुठेतरी. लिफ्टमध्ये, रिक्षात, मुलाचा डबा भरताना.

मिस्टर चांगले आहेत. पहिले काही दिवस त्यांनी सांभाळून घेतलं, मग एकदा बोलून गेले, "अगं, तू त्यांना शेवटचं भेटलीस कधी?" आणि तिथेच गाडी अडली, कारण खरंच बरीच वर्षं भेट नव्हती, दिवाळीला फोन व्हायचा तेवढाच.

पण त्यांचा खरा काटा वेगळाच होता. "मॅडम, माझे बाबा गेले तेव्हा मी तेराव्याच्या जेवणाचं ठरवत होते, किती पानं, कोण वाढणार. डोळ्यात थेंब नाही. आणि सरांसाठी हे असं. मी कसली मुलगी आहे?"

यावर मी आधी जे सांगते ते इथेही सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तेवढंही पुरेल. दुःखाचं माप नात्यावर ठरत नाही, पण आपल्याकडे दुःखाची परवानगी मात्र नात्यावरच मिळते. सुतक कोणाला, खांदा कोण देणार, रजा कोणासाठी मिळणार, भेटायला लोक कोणाच्या घरी येणार, सगळं नात्यावर. कोच गेले म्हणून बँक रजा देत नाही आणि शेजारीण पिठलं-भात घेऊन येत नाही. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये नेमकं हेच मांडलं, की ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मोजतच नाहीत ते जास्त चिवट होतं, कारण माणूस त्यात एकटा पडतो, वर स्वतःलाच विचारत बसतो की मी नाटक करतेय का. नाही करत. वडिलांच्या वेळी घर सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर होती म्हणून रडायला सवड नव्हती. सरांच्या वेळी करण्यासारखं काहीच नव्हतं, मग काय होणार.

हे ऐकून त्यांना बरं वाटलं पण सुटलं नाही. मग मी म्हटलं, सरांबद्दल सांगा. कसे होते वगैरे नको, काय करायचे ते सांगा.

तर सरांच्या शिट्टीच्या दोरीला एक नेलकटर अडकवलेलं असायचं. बास्केटबॉलमध्ये नखं वाढलेली चालत नाहीत, समोरच्याच्या हातातोंडावर ओरखडे निघतात. प्रॅक्टिसच्या आधी सगळ्यांनी रांगेत हात पुढे करायचे, सर बघत जायचे, कोणाचं नख वाढलेलं दिसलं की दोरी गळ्यातून न काढताच नेलकटर पुढे, म्हणजे कापणारीला सरांच्या अगदी जवळ मान वाकवून उभं राहायला लागायचं आणि बाकीच्या हसायच्या. एवढीच शिक्षा. हे सांगताना त्यांनी माझ्यासमोर हात पालथे धरले, नखं बारीक कापलेली. "अजून ऑडिटच्या आदल्या रात्री कापते," म्हणाल्या, आणि मग स्वतःच हसल्या.

दुसरी गोष्ट घरची. टीमबरोबर बाहेरगावी पाठवायला बाबा तयार नव्हते. सर स्कूटरवरून घरी आले, पलंगाच्या कडेवर बसले, चहा घेतला, "पोरगी माझ्या जबाबदारीवर नेतो अन् माझ्याच जबाबदारीवर दारात आणून सोडतो" एवढंच बोलले. आणि सोडलंही, रात्री दीड वाजता, ट्रेन लेट झाली होती तर सगळ्या पोरींना एकेक करून. त्या पिढीतल्या किती मुलींचं खेळणं अशा एखाद्या वाक्यावर टिकलं असेल याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

आता एक फाटा. सर गेल्यावर त्यांच्या ग्रुपवर कोणीतरी डीन स्मिथची गोष्ट टाकली होती आणि ती वाचून त्या बसमध्ये ढसाढसा रडल्या होत्या. डीन स्मिथ म्हणजे अमेरिकेचा प्रसिद्ध बास्केटबॉल खेळाडू मायकल जॉर्डन याचे कॉलेजचे कोच, नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी, चॅपल हिल. १९६१ ते १९९७ एकाच कॉलेजात, ८७९ मॅच जिंकले, १९८२ आणि १९९३ ला देशातली कॉलेजांची चॅम्पियनशिप. फेब्रुवारी २०१५ मध्ये ८३ व्या वर्षी गेले. मार्चच्या शेवटी त्यांच्या हाताखाली खेळलेल्या जवळपास १८० जणांच्या घरी पत्रं पोहोचली, प्रत्येकात २०० डॉलरचा चेक, आणि निरोप असा की कोचकडून बाहेर जेवायला जा. आधीच तसं लिहून ठेवलं होतं. जो जॉर्डन झाला त्यालाही तेवढेच आणि जो चार वर्षं बहुतेक बेंचवर बसला त्यालाही तेवढेच.

माझा धाकटा भाऊ बास्केटबॉलवाला, त्याला हे नाव सांगितलं तर तो सुटलाच. १९८१ मध्ये एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकाला कव्हरवर टीमचा फोटो हवा होता तर स्मिथनी जॉर्डनला त्यात उभं राहू दिलं नाही, का तर तो पहिल्या वर्षाचा, अजून एकही मॅच खेळला नव्हता. चार्ली स्कॉट हा त्या युनिव्हर्सिटीतला स्कॉलरशिपवर आलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, त्याला साठच्या दशकात आणणारे हेच. बास्केट झाली की ज्याने टाकली त्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, ही सवय त्यांच्या टीमची प्रसिद्ध. आणि मग भाऊ बोलता बोलता एक गोष्ट बोलून गेला जी माझ्या कामाची निघाली. खेळताना दमलं की खेळाडूने मूठ वर करायची, कोच लगेच बाहेर घेणार, काही विचारणार नाही, आणि दम खाऊन झाला की परत आत कधी जायचं हेही त्यानेच सांगायचं. मूठ वर केली म्हणजे कमी पडलास असा त्याचा अर्थच नाही.

पुढच्या वेळी मी हे त्यांना सांगितलं. मला वाटलं त्या पुन्हा सरांच्या आठवणीत जातील. त्या गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आमच्याकडे असं काही नव्हतं."

नव्हतं म्हणजे काय, तर पाळीच्या दिवशी पोट धरून बसलं तर सर म्हणायचे, "काऊन वं, मॅचमधे रेफरी थांबणार आहे का तुझ्यासाठी?" घोटा मुरगळला तरी पट्टी बांधून उभं राहायचं. त्यात सरांचा दुष्टपणा नव्हता, त्यांना स्वतःलाही तसंच शिकवलेलं, आणि पोरी रडूबाई असतात म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारायला त्यांना कडक पोरी हव्या होत्या. पण त्या विशीतल्या मुलीने हे वाक्य पुढची पंचवीस वर्षं स्वतःला ऐकवलं. ताप असताना बँकेत. सिझेरियननंतर सासूबाई थांब म्हणत असताना उठून स्वयंपाकाला. बाबांच्या आजारपणात सगळे दवाखाने एकटीने, सख्खा भाऊ असून. बाबा गेले तेव्हा न रडणं हेसुद्धा त्यातलंच, मॅच संपली नाही ना अजून.

माझं मत विचाराल तर अडकलेलं दुःख बऱ्याचदा इथे अडकलेलं असतं. माणूस इतका आवडता असतो की त्याच्याबद्दल तक्रार करायची सोयच उरत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे तर आपल्या हाडीमाशी. मग आठवणीतला माणूस देवासारखा फोटोत जाऊन बसतो आणि फोटोशी भांडता येत नाही.

मी त्यांना कागद दिला, सरांकडून आलेलं काय ठेवायचं आणि काय परत करायचं ते लिहा म्हटलं. आधी नाहीच म्हणाल्या. परत कसं करणार, गुरूने दिलेलं परत करतात का कोणी? पुढच्या वेळी कागद कोराच आला. त्याच्या पुढच्या वेळी "ठेवायचं" खाली पान भरलेलं, नखं, वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचणं, हरल्यावर समोरच्या टीमशी हात मिळवणं, रात्री कोणाला घरी सोडायचं तर दार उघडेपर्यंत गाडी न हलवणं. "परत" खाली एकच ओळ. "दुखतंय असं म्हणायचं नाही." ती लिहिल्याबद्दल त्या सरांवर जाम चिडल्या, मग स्वतःवर, मग माझ्यावर. चिडणं आलं तेव्हा मला हायसं वाटलं, खरं सांगते.

आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी बाबा आले. म्हणजे आठवणीत. यांचे खेळायचे कॅनव्हासचे बूट होते, दर दोन महिन्यांनी तळ सुटायचा, आणि मॅच बघायला एकदाही न आलेले बाबा ते बूट पिशवीत घालून स्टेशनजवळच्या मोच्याकडे नेऊन शिवून आणायचे, काही न बोलता खाटेखाली ठेवून द्यायचे. हे त्यांना इतकी वर्षं आठवलंच नव्हतं. त्या दिवशी त्या ज्यासाठी रडल्या ते सर नव्हते. एक दुःख दुसऱ्याचं दार उघडतं असं मी पुष्कळदा बघितलंय, त्यामुळे सरांसाठी जास्त रडले आणि बाबांसाठी कमी हा हिशोबच मांडू नका, तो लागत नाही.

आता काळजीचं कधी, हेही विचारतात लोक. रडू येणं, आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं, निर्णय घेताना "सर काय म्हणाले असते" असं मनात येणं, हे आजाराचं लक्षण नाही. गेलेल्या माणसाशी नातं तोडलं म्हणजेच बरं झालं असं पूर्वी मानायचे, १९९० च्या दशकापासून अभ्यासक उलट सांगतायत, नातं बदलत्या रूपात राहतं आणि राहिलेलं चालतं. पण तीव्र ओढ किंवा दुःख जवळपास रोज आहे, कामधंदा, जेवणखाण, माणसं सगळं सुटत चाललंय, आणि हे खूप दिवस तसंच आहे, तर मदत घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत सहा महिने धरतात, अमेरिकन निकषांत मोठ्यांसाठी वर्ष. आणि जगून काय करायचं असे विचार येत असतील तर महिने मोजायचेच नाहीत, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत.

यांच्या बाबतीत तिथवर गेलं नाही. घरी त्यांनी मुठीची गोष्ट जेवताना सांगितली, मुलाला फारच आवडली, आता अभ्यास नको असला की तो मूठ वर करतो, त्यावर वाद चालू आहेत. त्यांनी स्वतः पहिल्यांदा केली ती व्हायरल तापात, मिस्टरांनी कुकर लावला आणि त्या दोन दिवस रजा टाकून झोपल्या. डोक्यात सर ओरडत होते म्हणे. "ओरडू दिलं."

ग्रुपवर आता सरांच्या नावाने मुलींची टुर्नामेंट घ्यायचं चाललंय, दिवाळीनंतर, त्याच कोर्टवर. यांनी सुचवलं की मूठ वर केली की खेळाडू बाहेर, कोचने प्रश्न विचारायचा नाही, असा नियमच करू. दोन सिनियर ताया भडकल्या, सरांच्या नावाच्या टुर्नामेंटमध्ये सरांना न पटणारा नियम कशाला? एका जुनिअरने लिहिलं की मला पाहिजे होता असा नियम, माझा गुडघा त्यातच गेला. त्यावर ग्रुपवर रात्री एकपर्यंत मेसेज चालू होते, आणि अजून ठरलेलं नाही.