मुंबईत पगारदार माणसाला हाय-एंड ऑडिओचा नाद परवडतो का?

तुमचं म्हणणं असं की बजेट 60 हजार, घर वन बीएचके, आणि दुकानदार सांगतोय की दीड लाखाच्या खाली 'खरा आवाज' मिळतच नाही. मग हा नाद सोडावा का? सोडू नका, आधी दुकान बदला.

मीही फसलोय. गिरगावात चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत हप्त्यांवर उभे टॉवर स्पीकर आणून ठेवले होते. पहिल्याच संध्याकाळी तबलावादन लावलं, तर डग्ग्याची मींड ऐकूच येईना. खर्जातला एकच सूर फुगत होता आणि मांडणीतली ताटं थरथरत होती. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचं अंतर असलं की साधारण 56 हर्ट्झचा आवाज त्यांच्यामध्ये घुमत राहतो. अशा खोलीत पाच लाखांचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणलात तरी तो सूर जात नाही. टॉवर विकले तेव्हा निम्मे पैसेही हाती आले नाहीत. आता छोटे बुकशेल्फ स्पीकर आहेत, स्टँडवर, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. कोपऱ्यात तर अजिबात ठेवू नका.

तेव्हा तुमच्या 60 मधले 35-40 हजार नुसत्या स्पीकरवर घाला. ॲम्पच्या वॅटना भुलू नका. 50 वॅटचा 100 वॅट केला तरी वाढ 3 डेसिबलची, म्हणजे थोडासाच मोठा आवाज. 87 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॅटवरच एक मीटरवर 87 डेसिबल देतो. तेवढ्यात शेजारी दार वाजवतात. डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा ॲम्पला चालेल असा सिग्नल करणारी डबी, काही हजारांची पुरे. केबल? लॅमिंग्टन रोडवरून तांब्याची जाडशी वायर मीटरवर कापून आणा. महागड्या केबलवाल्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

परदेशी माल इथे महाग पडतो, कारण सीमाशुल्क, त्यावर जीएसटी, वर आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा. म्हणून सेकंडहँड बघा. चोर बाजारात जुने ॲम्प मिळतात, पण त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वाळलेले असू शकतात; बदलायचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा. जुना स्पीकर घेताना पुढची जाळी काढायला लावा आणि आवाज काढणाऱ्या शंकूच्या (कोनच्या) कडेचा फोम हलकेच दाबा. मी एकदा दाबला, तर ओल्या बिस्किटासारखा भुगा बोटाला चिकटला. आपल्या दमट हवेत फोम टिकत नाही, रबराची कड असेल तर बरी. आणि ऐकताना विकणाऱ्याची डेमो गाणी नकोत, तुम्हाला पाठ असलेली रेकॉर्ड न्या.

उरलेल्या पैशांत जाड पडदे घ्या. माझ्याकडे समोरच्या भिंतीवर आईची जुनी गोधडी टांगलीय. खर्ज तिला दाद देत नाही, पण रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की जो झणत्कार यायचा तो गेला. पाहुणे विचारतात, वाळत घातलीय का?