पडद्यावरची चिमणी आणि घरातली मनी

प्रश्न : आमची मनी तीन वर्षांची असून ती कधीच घराबाहेर जात नाही. आम्ही दोघेही दिवसभर कामावर असतो, म्हणून तिला करमावे यासाठी टीव्हीवर पक्ष्यांचे आणि खारींचे व्हिडिओ लावून जातो. सुरुवातीला ती पडद्यासमोरून हलत नसे. आता मात्र थोडा वेळ पाहून पाठ फिरवते आणि सुटीच्या दिवशी व्हिडिओ संपताच माझ्या पायांवर झडप घालते. तिला हे आवडते की याचा त्रास होतो?

उत्तर : आवडते, परंतु तिला हवे असते त्यातले अर्धेच पडद्यावर मिळते. मांजरीची शिकार म्हणजे टक लावणे, दबा धरणे, झडप घालणे, पंजात पकडणे, चावा घेणे आणि शेवटी खाणे. व्हिडिओ तिला यांतील पहिल्या दोन-तीन पायऱ्यांपर्यंत नेतो आणि तिथेच सोडतो. चिमणी टुणटुण उड्या मारत पडद्याच्या कडेला जाते, मनी पंजा मारते, पंजाखाली गुळगुळीत काच लागते. मग ती टीव्हीच्या मागे जाऊन चिमणी कुठे गेली ते पाहून येते. हे पाहताना आपल्याला हसू येते, पण तिच्या अंगात चढलेला आवेश तसाच राहतो आणि समोरून जाणारा पाय त्याच्या तावडीत सापडतो. शेपटी आपटणे, बाहुल्या विस्फारणे, कान मागे पाडणे ही चिन्हे दिसू लागली की व्हिडिओ बंद करावा. पक्षी पाहून दात कटकटवणे मात्र खिडकीतूनही होते. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये.

पाठ फिरवण्याचे म्हणाल, तर त्यात मनीचा काही दोष नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी निवाराघरातील १२५ मांजरांना तीन दिवस रोज तीन तास पडद्यावर निरनिराळी दृश्ये दाखवली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मांजरांनी एकूण वेळेपैकी सरासरी सुमारे सहा टक्केच वेळ पडद्याकडे पाहिले. पक्षी, उंदीर, मासे यांच्या हालचालींनी त्यांचे लक्ष अधिक वेधले, पण तेही तासागणिक ओसरत गेले. तेव्हा दिवसभर चालणारा व्हिडिओ मनीच्या लेखी लवकरच भिंतीवरच्या चित्रासारखा होतो.

माझे मत विचाराल, तर तुम्ही घरी असताना, शक्यतो संध्याकाळी मांजरी आपसूक तरतरीत होतात त्या वेळी, पंधरा-वीस मिनिटेच व्हिडिओ लावावा. तो बंद करण्यापूर्वीच काठीला बांधलेले पीस किंवा कापडी उंदीर तिच्यासमोर जमिनीवरून सरपटवावा, दोन-चारदा हुलकावणी देऊन तिला तो खरोखर पकडू द्यावा आणि लगेच जेवण वाढावे. पकडणे आणि खाणे झाले की ती स्वतःहून अंग चाटत बसेल. तुम्ही नसताना पडद्यापेक्षा खिडकीशी बसायला एक भक्कम फळी आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत लपवलेले थोडे कोरडे खाद्य अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : मांजरीला टीव्हीवरचे चित्र आपल्यासारखेच दिसते का? आवाज सुरू ठेवावा का?

उत्तर : आपल्यासारखे दिसत नाही. मांजरीचा डोळा आपल्यापेक्षा अधिक जलद लुकलुक टिपतो. त्यामुळे जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरचे चित्र तिला बहुधा थरथरते दिसत असावे, आजच्या सपाट पडद्यांवर ही अडचण बरीच कमी झाली आहे. निळा आणि पिवळसर हिरवा हे रंग तिला कळतात, तांबडा जवळजवळ कळत नाही, आणि बारीक तपशील धूसर दिसतात. म्हणून झगमगीत रंगांचा व्हिडिओ शोधत बसण्याऐवजी वेगाने इकडून तिकडे जाणारे प्राणी असलेला निवडावा.

आवाज ठेवायचा तर मंद ठेवावा. मांजरीला सुमारे ६४,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येते, तर टीव्हीचे ध्वनिक्षेपक माणसाच्या २०,००० हर्ट्‌झच्या मर्यादेसाठी बनवलेले असतात. उंदरांची अतिशय बारीक चीं-चीं त्यांतून निघतच नाही. घाबरलेल्या पक्ष्यांचा कलकलाट असलेले व्हिडिओ मी टाळीन. आणि टीव्ही नुसता स्टँडवर उभा असेल, तर पहिल्या झडपेआधी तो भिंतीला पट्ट्याने घट्ट बांधून घ्यावा.