मांजरीला एचसीएम निघालाय? आधी श्वास मोजायला शिका

घरी मेन कून मांजर आली म्हणून अभिनंदन, आणि तिला एचसीएम निघाला म्हणून घाबरू नका, दोन्ही एकदमच सांगते. मेन कून जातीत एचसीएम, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, चांगलाच ओळखीचा आहे. २००५ साली या मांजरींमध्ये त्यामागचा एक दोष एमवायबीपीसी३ जनुकात सापडला. याच जनुकातल्या दोषांमुळे माणसांनाही हा आजार होतो. म्हणजे तुमची मनी एकटी नाही!

सुरुवातीला एवढंच करा:

- गाढ झोपेत छाती वर गेली, खाली आली की एक श्वास. पूर्ण मिनिट मोजा, वहीत लिहा. तीसच्या आत ठीक. सारखा त्यावर जायला लागला तर डॉक्टरांना फोन. तोंड उघडून धापा टाकत असेल तर थेट निघा.
- मागचे पाय अचानक लुळे आणि पंजे गार पडले तर रक्ताची गुठळी असू शकते. एक मिनिटही थांबू नका.

घुरघुरताना मोजू नका. मी पहिल्याच आठवड्यात मोजले, बावन्न भरले, रात्री बाराला रिक्षा काढली. बाईसाहेब टोपलीत मजेत!

जनुक चाचणी निगेटिव्ह आली म्हणून पुढच्या पिल्लाला तपासणीतून सूट देऊ नका. डॉक्टरांच्या नळीने हृदयाचा आवाज स्वच्छ आला तरी आजार असू शकतो, खरं चित्र इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतच दिसतं. आणि घरातल्या गोळ्या अजिबात नाहीत. पॅरासिटामॉल मांजरीचा जीव घेतं.

इको रिपोर्टातले हृदयाच्या जाडीचे मिलिमीटर आत्ता राहू द्यात. आधी महिनाभराची वही भरा, मग बोलू.