१९१४ चा आयर्न क्रॉस, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं जर्मन सैनिकी पदक, खरा कसा ओळखायचा? तो कोणाचा होता हे शोधता येतं का?

आधी कडा बघा. दुसऱ्या वर्गाचा (खालच्या श्रेणीचा) अस्सल क्रॉस अखंड ओतलेला नसतो. मधे काळा रंग दिलेला लोखंडी गाभा आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारे चांदीच्या चौकटीचे दोन अर्धे, असे तीन भाग असतात. भिंगाखाली कडेवर चौकटीच्या सांध्याची बारीक रेघ दिसते. चुंबक लावून बघा, गाभा बहुतेक वेळा चिकटतो. समोर मुकुट, W (सम्राट विल्हेल्म) आणि १९१४. मागे ओकची पानं, FW आणि १८१३, कारण प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने, फ्रीडरिश विल्हेल्मने, हे पदक त्या वर्षी नेपोलियनविरुद्धच्या युद्धात सुरू केलं. वरच्या कडीवर कारागिराचा छाप असू शकतो. आणि कृपा करून पॉलिश करू नका! तो काळपटपणाच त्याचं वय सांगतो.

मालक शोधणं मात्र अवघड. पदकावर नाव कोरत नसत आणि अशी लाखो पदकं वाटली गेली. सोबत प्रमाणपत्र किंवा सैनिकाचं पासबुक (सेवेच्या नोंदींची पुस्तिका) असेल तर ते पदकापासून कधीही वेगळं करू नका. प्रशियन सैन्याचे बहुतेक कागद एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाले. सैनिक बव्हेरियाचा (स्वतःचं सैन्य असलेलं दक्षिणेकडचं जर्मन राज्य) असेल तर नशीब, तिथल्या नोंदी म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारात अजून आहेत.