दर आठवड्याला गाडी धुतो, तरी दाराच्या खालच्या कडेला गंज दिसतोय. अंडरबॉडी कोटिंग करून घेऊ का?

कोटिंगचं, म्हणजे गाडीच्या तळाला मारायच्या गंजरोधक थराचं, नंतर बघू. आधी दार उघडा, खाली वाका आणि दाराच्या तळाशी बोट फिरवा. तिथे लांबट भोकं सापडतील. काचेवरून ओघळणारं पाणी रबराच्या फटीतून दाराच्या पोटात उतरतंच. ते बाहेर पडावं म्हणून ही भोकं ठेवलेली असतात. धूळ आणि पानांचा चुरा साचून ती बुजली की पाणी आतच राहतं आणि गंज पत्रा आतून खायला लागतो. बाहेर रंगाला फुगवटा दिसतो तोवर आत बरंच नुकसान झालेलं असतं. केबल टायच्या, म्हणजे वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या, टोकाने भोकं मोकळी करा. तार घालू नका, आतला रंग खरवडला जातो. पुष्कळदा लगेच तपकिरी पाणी गळायला लागतं.

दुसरी जागा म्हणजे चाकावरच्या कमानीची आत दुमडलेली कड. तिथला चिखल वरून वाळलेला दिसला तरी आतून ओलाच असतो. पाइप खालून वर मारा. वरून चकाचक आणि खालून चिखलाने माखलेली गाडी माझ्या लेखी धुतलेलीच नाही. समुद्राजवळ किंवा बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गाडी फिरत असेल तर हे जास्तच पाळा, कारण खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया वेग घेते.

भांड्यांचा साबण वापरू नका, वॅक्स निघून जातं. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी पुसा. ओल्या गाडीवर कव्हर घालू नका.

फुगलेल्या जागेचे पोपडे काढून स्वच्छ पत्रा लागेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, मग प्रायमर, रंग आणि वर लॅकरचा पारदर्शक थर. गंजावरच रंग मारलात तर तो पुन्हा फुगणार. स्क्रूड्रायव्हरने दाबल्यावर पत्र्याला भोक पडलं, तर मात्र तेवढा तुकडा कापून नवा जोडण्याला पर्याय नाही.

आता कोटिंग. कोरड्या, स्वच्छ, न गंजलेल्या पत्र्यावर ते उपयोगी आहे. गंजावर मारलं तर थराला तडा गेल्यावर पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. शिवाय घाईत काम करणारे ती भोकंच बुजवून टाकतात, तेव्हा समोर उभं राहून करून घ्या. दाराच्या आत फवारायचं पातळ वॅक्स वेगळं मिळतं, तुमच्या तक्रारीवर मी आधी तेच सुचवेन.

धुतल्यावर ब्रेक डिस्कवर केशरी थर दिसला तर त्याची काळजी नको. डिस्क उघड्या बिडाची, म्हणजे रंग न दिलेल्या ओतीव लोखंडाची असते, दोन-चारदा ब्रेक मारले की थर साफ होतो.